माशाचा देठ

सायखेड्यात परत राहायला आलो त्याला चार वर्षं झाली. जानेवारी उजाडला की संध्याकाळी कुणी ना कुणी ओट्यावर येऊन टेकतं. हातात घडी घातलेला कागद, नाहीतर मोबाईलवर पीडीएफ. "काका, रेसिड्यूचा रिपोर्ट आलाय, जरा बघता का?" मी आयुष्यभर रत्नागिरीकडे 'त्या मशीनवर' काम केलं, एवढंच गावाला माहीत. मशीन माशांसाठी होतं की द्राक्षांसाठी, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. एका पदार्थात मिसळलेले दहा पदार्थ एकमेकांपासून सोडवायचे आणि प्रत्येकाला वेगळं मोजायचं, हे दोन्हीकडे सारखंच. क्रोमॅटोग्राफी हा शब्द उच्चारता येत नसला तरी गोदाकाठचा द्राक्षवाला वर्षानुवर्षं तिच्या निकालावर जगतो किंवा बुडतो.

मी रिपोर्ट हातात घेतो आणि आकड्याच्या आधी विचारतो: सॅम्पल कुणी घेतलं? कुठल्या ओळीतून? किती वाजता? प्रयोगशाळेत कधी पोचलं? पोरं वैतागतात. त्यांना फक्त 'पास की फेल' हवं असतं. एक जण तर म्हणाला, "काका, तुम्ही मशीनवर होता की पोलिसात?"

पूर्वी मी असं विचारत नव्हतो. पूर्वी माझं एकच पालुपद असायचं, मशीन खोटं बोलत नाही. ते कसं सुटलं, ते आज लिहून टाकतो. त्यात माझी शोभा होणार आहे, पण आता निवृत्त माणसाला शोभेची काय पडलीय!

माझं काम माशांच्या चरबीचं, त्यातही तारलीचं. कोकणात ज्यांनी तारली खाल्लीय त्यांना ठाऊक आहे, की दिवाळीच्या सुमाराची तारली तव्यावर टाकली की स्वतःच्याच तेलात तळून निघते. पावसाच्या तोंडाशी तीच तारली सुकी, चोथट लागते. अंडी घालण्याच्या हंगामात तिच्यातली चरबी तीन-चार टक्क्यांवर येते आणि पावसाळ्यानंतर समुद्रात खाणं मुबलक झालं की १५ टक्क्यांच्याही पुढे जाते. पूर्वी होड्यांच्या लाकडाला तारलीचंच तेल चोपडत.

एकूण चरबी किती, हे काढायला फार अक्कल लागत नाही. मासा वाटायचा, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये घुसळायचा, पाणी घातलं की दोन थर होतात, खालचा क्लोरोफॉर्मचा थर काढून घ्यायचा, तो उडवला की तळाशी जे चिकट उरतं ते तोलायचं. खरी गंमत पुढे आहे. हे जे चिकट उरलं ते काही एक द्रव्य नव्हे. एका आडनावाचं अख्खं गाव असावं तसा तो प्रकार. साठ्याची चरबी म्हणजे ट्रायग्लिसराईड, ती माशाची कणगी. फॉस्फोलिपिड, त्याच्या पेशींच्या भिंती. कोलेस्टेरॉल. मेण. आणि सुटी मेदाम्लं, म्हणजे कणगीतून किंवा भिंतीतून निखळून एकटी पडलेली. मासा धष्टपुष्ट होता की उपाशी, हे एकूण वजनावरून कळत नाही. कणगी आणि भिंत यांचं प्रमाण बघावं लागतं.

मेण म्हटलं की वाचकाला मेणबत्ती आठवेल. पण थंड समुद्रातले तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड नावाचे जीव हिवाळ्याची बेगमी मेणाच्या रूपात करतात; आपल्या उबदार समुद्रातल्यांना तेवढी गरज पडत नाही. आणि समुद्रच कशाला, द्राक्षाच्या मण्यावर जी पांढरी भुरकी असते तीही मेणच. बेदाणा करणाऱ्या कुणालाही विचारा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल घालून त्यात घड बुडवतात, ते या मेणाची वीण सैल करून पाण्याला वाट द्यायला. ते डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, हेही मेदाम्लाच्याच गोतावळ्यातलं. आमच्या बागेतलं हे औषध मला तारलीच्या प्रयोगशाळेत कळलं, याचं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत हसू यायचं.

तर हे प्रकार सोडवायचे कसे? सुरुवातीची वर्षं आम्ही काचेच्या पट्ट्या वापरल्या. पट्टीवर सिलिकाचा पातळ थर, खालच्या कडेला नमुन्याचा ठिपका, हेक्झेन आणि ईथरच्या टाकीत उभी करायची. द्रावक वर चढतो, जाताना प्रत्येकाला आपापल्या ताकदीनुसार ओढत नेतो. मेण सगळ्यांत पुढे, मागून ट्रायग्लिसराईड, मग सुटी मेदाम्लं, मग कोलेस्टेरॉल. फॉस्फोलिपिड जागचे हलत नाहीत. आयोडीनच्या वाफेत पट्टी धरली की पिवळे-तपकिरी डाग उमटतात. दिसायला सुंदर, मोजायला वाईट.

मग जपानी यंत्र आलं. त्यात पट्टीच्या जागी क्वार्ट्झच्या काड्या. १५ सेंटीमीटर लांब, मिलिमीटरपेक्षा बारीक, अंगावर सिलिकाची खरखरीत साल, आणि अशा दहा काड्यांची एक चौकट. सुईने एक मायक्रोलिटरचा ठिपका द्यायचा. तो हाताला यायला मला दोन महिने लागले. ठिपका पसरला की सगळंच पसरलं. कॅनडाच्या ख्रिस्तोफर पॅरिश यांनी १९८७ साली समुद्री नमुन्यांसाठी या काड्यांची जी रीत छापली तीच आम्ही उचलली. आधी शंभरात जेमतेम एक भाग ईथर असलेल्या द्रावकात काड्या चढवायच्या, पुढचा तुकडा तेवढा जाळून वाचायचा. मग ईथर वाढवून पुन्हा. शेवटी ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी, म्हणजे जागचे न हलणारेही हलतात. जाळून वाचायचा म्हणजे अक्षरशः जाळून. काडी हायड्रोजनच्या ज्योतीतून सरकते, जिथं मेद असेल तिथं तो जळतो, विद्युतभारित कण सुटतात आणि कागदावर सुळका उठतो. सुळक्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे प्रमाण. पण प्रत्येक प्रकाराचं मोजमाप वेगळं लावून घ्यावं लागतं, कारण एवढ्याच वजनाचं कोलेस्टेरॉल आणि एवढंच फॉस्फोलिपिड सारखा सुळका देत नाहीत. शिवाय जुलैत रत्नागिरीच्या हवेत सिलिका पापडासारखी सादळते आणि सगळे सुळके सरकतात. या सगळ्यावर मी मात केली होती. दहापैकी कुठली काडी लबाड आहे हे मला न बघता सांगता यायचं. या गुर्मीचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे म्हणून हे एवढं सांगितलं.

आमच्याकडे तारली दोन बंदरांवरून यायची. मिरकरवाडा जवळचंच, मासा सकाळी उतरला की दुपारी वाटलेला असे. दुसरं हर्णै. तिथून थर्माकोलच्या पेट्या बर्फ घालून निघत, पाच-सहा तासांचा वळणांचा रस्ता, कधी गाडी मिळे कधी नाही, आणि रात्री उशिरा त्या आमच्या फ्रीजरला लागत. यंत्र रिकामं होईल तसे आम्ही ते नमुने काढायचो, कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. फ्रीजर उणे २० अंशांचा. गोठलं ते थांबलं, अशी माझी पक्की समजूत.

दोन हंगाम झाले आणि चित्र स्पष्ट दिसू लागलं. एकूण चरबी दोन्ही बंदरांवर साधारण सारखी, पण हर्णैच्या माशात सुट्या मेदाम्लांचा सुळका चांगलाच उंच. ट्रायग्लिसराईड आणि फॉस्फोलिपिड त्या मानाने खाली. मला वाटलं, सापडलं! मी स्पष्टीकरण रचलं: उत्तरेकडचा थवा अंडी घालण्याच्या धकाधकीतून नुकताच आलेला, कणगी फोडून खातोय, म्हणून मेदाम्लं सुटी झालीत. छान आलेख काढले. एका परिषदेत मांडलं, टाळ्या मिळाल्या, परिषदेच्या ग्रंथात छापून आलं.

त्या पेट्या उतरवून घेणारे आमचे एक मदतनीस होते. सगळे त्यांना मामा म्हणत. परिषदेहून परतल्यावर मी कौतुकाने आलेख भिंतीवर चिकटवला, तेव्हा ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हर्णैच्या पेटीत बर्फ कमी नि पाणी जास्त असतं हो." मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मामा, तुम्ही पेट्या उतरवा, केमिस्ट्री मी बघतो."

ते हसले आणि गेले.

आता २०१०. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अवशेष सापडले. शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी, वेलीची वाढ थोपवायला मारतात ते. मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळले, नाशिक जिल्ह्यात घरोघरी रडारड. आमचेही पैसे एका व्यापाऱ्याकडे अडकले. मी एप्रिलात आलो तेव्हा खरड छाटणी चालू होती आणि ओट्यावर रोज सभा. लोक म्हणत, गोऱ्यांचा डाव आहे, मशीन हवं ते दाखवतं. मी शहाणपणा पाजळला: मशीन खोटं बोलत नाही, तुम्ही मारलं म्हणून निघालं.

एकाने विचारलं, "मग जानेवारीत आपल्याच इथल्या तपासणीत तो माल पास कसा झाला? तेही मशीनच ना?"

याचं उत्तर मला येत होतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर हे नाव नव्हतं. शिवाय हे रसायन मिठासारखं, पाण्याला धरून राहणारं. बाकीची कीडनाशकं ज्या द्रावकात एका झटक्यात उतरतात त्यात हे उतरतच नाही. त्याची वेगळी रीत लावावी लागते. मी हे समजावून सांगितलं आणि आपण वाद जिंकलो असं मला वाटलं. कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले आप्पा म्हणाले, "म्हंजे इचारलं नाही तर मशीन सांगत नाही." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत छाटलेल्या काड्या गोळा करताना त्यांनी सहज विषय काढला. शिकवण्याचा हेतू नव्हता, त्यांना खरंच कुतूहल होतं.

"तुझा मासा पाण्यातून काढल्यावर तुझ्याकडं किती टायमाने येतो रे?"

"कधी चार तास, कधी रात्र होते, आप्पा."

"मंग?"

"मग फ्रीजरला. महिनाभर. मशीन मोकळं झालं की काढायचा."

ते थांबले. "आपला माल सकाळी उन्हाच्या आत तोडावा लागतो. दुपारपोतर प्रीकूलिंगला नाही गेला तर घेणारा मणी चाखतबी नाही. आधी देठ बघतो. देठ हिरवा, तर माल ताजा. तुझ्या माशाला देठ कुठंय?"

मी हसलो. म्हटलं, माशाचे कल्ले बघतात, लाल असले की ताजा.

"तू बघतो का कल्ले?"

मी बघत नव्हतो. माझ्यापर्यंत यायचा तो वाटलेला लगदा, बाटलीत, चिठ्ठी लावून.

परतीच्या एसटीत रात्रभर झोप लागली नाही. रत्नागिरीला पोचल्यावर पहिलं काम केलं ते कपाटातला एक जुना निबंध काढण्याचं. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची जी रीत मी वीस वर्षं डोळे झाकून करत होतो ती ब्लाय आणि डायर या दोघांनी १९५९ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्सला बसवली. प्रमाणं मला झोपेत पाठ होती: एक भाग क्लोरोफॉर्म, दोन भाग मिथेनॉल, माशातलं पाणी धरून ०.८ भाग पाणी. पण ही रीत त्यांना का काढावी लागली, हे मी कधी वाचलंच नव्हतं. सारांशाच्या पहिल्याच वाक्यात कारण दिलंय. ते गोठवलेल्या माशात चरबी कशी फुटते याचा अभ्यास करत होते. म्हणजे ज्या दुखण्यावर हे औषध निघालं, ते दुखणं सोडून मी नुसती औषधाची बाटली वीस वर्षं वापरली.

पुढचं मग कळायला वेळ लागला नाही. मासा मेला तरी त्याच्यातली चरबी फोडणारी विकरं मरत नाहीत. मासा थंड रक्ताचा; त्याची विकरं थंडीत काम करायला सरावलेलीच असतात. उणे २० ला माशातलं सगळं पाणीसुद्धा पुरतं गोठत नाही, उरलेल्या दाट रसात ती सावकाश आपलं काम चालू ठेवतात. उणे ८० ला नेलं तर जवळजवळ थांबतात; क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये बुडवलं तर कायमचीच. आणि जिवंत पेशी सुटी मेदाम्लं फारशी साचूच देत नाही, ती साबणासारखी पेशीच्या भिंतीलाच खातात. माझा 'अंडी घालून दमलेला थवा' असता तरी त्याने असा सुळका दाखवला नसता.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली. पहिली चांगली तारली उतरली त्या दिवशी मी स्वतः मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभा होतो, कोयता, तराजू आणि द्रावकाच्या बाटल्या घेऊन. कोळणी हसत होत्या. एकाच जाळ्यातली तारली घेतली आणि वाटे केले. एक वाटा तिथंच चिरून, कुटून बाटलीत. एक भरपूर बर्फात दिवसभर. एक पेटीत, पण बर्फ वितळू दिलेला. एक उणे २० च्या फ्रीजरमध्ये दोन महिने.

ऑक्टोबरात सगळे नमुने एका चौकटीवर आले. धक्क्यावरच्या बाटलीच्या काडीवर मेदाम्लांच्या जागी रेघ जवळजवळ सपाट गेली, नुसता एक फुगवटा. भर बर्फातल्या काडीवर लहानसा उंचवटा. वितळलेल्या पेटीतल्या काडीवर ठसठशीत सुळका. आणि फ्रीजरमधल्या काडीवर, ज्याच्या भरवशावर मी दोन हंगाम काढले होते, सगळ्यांत उंच. आकार ओळखीचा होता. भिंतीवरच्या आलेखातलं हर्णैच ते. एकूण चरबी मात्र चारही वाट्यांत सारखीच. यंत्राने मला तेव्हाही खरंच सांगितलं होतं. सुटी मेदाम्लं त्या लगद्यात होतीच. ती समुद्रातून आली की माझ्या फ्रीजरमधून, हे मी त्याला विचारलं नव्हतं. आप्पांना हवा असलेला देठ हाच. पॅरिश यांच्या पठडीतले लोक तर सुटी मेदाम्लं आणि अल्कोहोल यांचं बाकी मेदांशी गुणोत्तर काढून चरबी किती फुटलीय ते नोंदवतात. ते गुणोत्तर मीही दर वेळी काढत होतो. फक्त त्याचा अर्थ नेहमी माशाच्या माथी मारत होतो.

मग मामांकडे गेलो. चूक कबूल करायला म्हणून गेलो आणि भलतंच घबाड हाती लागलं. त्यांच्याकडे शंभर पानी वही होती. प्रत्येक पेटीची तारीख, आली ती वेळ, आणि पुढे एक शब्द: 'बर्फ', 'अर्धा', 'पाणी'. कुणी सांगितलं नव्हतं. मासा कुसला म्हणून उद्या आपल्यावर आळ येऊ नये, यासाठी त्यांनी आपली सोय करून ठेवली होती. त्या वहीच्या शेजारी मी माझे आकडे मांडले. 'पाणी' लिहिलेल्या आणि फ्रीजरमध्ये जास्त दिवस पडलेल्या पेट्या वरच्या टोकाला, 'बर्फ' लिहिलेल्या आणि लवकर काढलेल्या खालच्या. थवा, अंडी, धकाधक, सगळं वाहून गेलं. मामा वही परत घेताना म्हणाले, "गणपतीतल्या दोन पेट्या लिहायच्या राहिल्यात हां साहेब, मी रजेवर होतो."

हे कळल्यावर मी ताबडतोब जाहीर केलं असतं तर हे मनोगत लिहायचं कारण नव्हतं. दोन वर्षं गप्प बसलो. बढतीचं प्रकरण चालू होतं, आणि छापलेलं कोण वाचतं असंही मनाला समजावलं. पुढे एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात माझं स्पष्टीकरण पुरावा म्हणून वापरलेलं पाहिलं, तेव्हा घाम फुटला. त्या ग्रंथाच्या संपादकांना पत्र लिहिलं. ग्रंथ कधीच छापून झाला होता, शुद्धिपत्राला जागा नव्हती. पुढच्या अहवालात मी चूक लिहिली, मामांच्या वहीचा उल्लेख केला आणि हर्णैचे नमुने धक्क्यावरच द्रावकात घालायची पद्धत सुरू केली. जुना निबंध मात्र अजून ग्रंथालयांत आहे, टाळ्यांसकट.

आप्पांना मी हे सगळं सांगितलं ते २०१२ च्या थंडीत. निफाडचा पारा घसरला होता, मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या, आम्ही दोघं राखणीला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या वहीवाल्याला पेटी धाडली का?"

तेव्हापासून दर फेब्रुवारीत मामांना पाच किलोची पेटी जाते. मीच तोडतो, उन्हाच्या आत, आणि नाशिकला नेऊन गाडीत ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्काराच्या आधी वेळ सांगतात. यंदा म्हणाले, "साहेब, पेटी सव्वानऊला मिळाली. वरचे घड चांगले आहेत. खालच्या दोघांचे देठ सुकलेत. गाडी कुठंतरी उन्हात उभी होती."